गोल्फ क्लबचे फोटो कोणाकडे आहेत?

नाशिकमध्ये रिक्षात बसून 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' असे सांगितले, तर रिक्षावाला बहुधा विचारतो, 'म्हणजे गोल्फ क्लबच ना?' त्र्यंबक रोडवरच्या, ईदगाह मैदानाच्या शेजारच्या या मैदानाला दोन नावे आहेत आणि दोन्ही नावांमागे इतिहास आहे. इंग्रज साहेब इथे गोल्फ खेळत, म्हणून ते गोल्फ क्लब. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. त्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांचे नाव या मैदानाला आहे. या दोन्ही गोष्टी छापील इतिहासात सापडतात. पण याच मैदानाच्या कडेला बसून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेट पाहिले, त्यांचा इतिहास कुठे आहे? तो कपाटावरच्या अल्बममध्ये, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या निगेटिव्हमध्ये आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या बोलण्यात आहे. क्रिकेटवेड्या माणसाने हौसेने काढलेले फोटो आणि त्या फोटोंभोवतीच्या त्याच्या आठवणी हे नाशिकसारख्या शहराच्या मैदानांचे सर्वात भरवशाचे दप्तर आहे. आपण मात्र त्याला घरगुती पसारा समजतो, आणि ते वेळेत गोळा केले नाही तर त्याची भरपाई दुसऱ्या कशानेही होणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

वर्तमानपत्राचा छायाचित्रकार मैदानावर येतो तो ठरलेले काम घेऊन. विजेता कर्णधार, करंडक, प्रमुख पाहुणे किंवा लांब भिंगातून टिपलेला उंच फटका एवढे मिळाले की त्याचे काम झाले. चौकटीत खेळाडू ठसठशीत येतो आणि मैदान पुसले जाते. हौशी माणसाकडे लांब भिंग नसते. तो सीमारेषेबाहेर, दोरीच्या किंवा चुन्याच्या फक्कीच्या अलीकडे उभा राहून साध्या कॅमेऱ्याने फोटो काढतो. फलंदाज नखाएवढा येतो, चेंडू दिसतच नाही, आणि उरलेल्या सगळ्या चौकटीत मैदान येते: मांडवाची कनात, पत्र्याचे आकडे अडकवलेला धावफलक, रोलरवर बसलेली पोरे, मागची झाडे, त्यापलीकडच्या इमारती. छायाचित्रणाच्या परीक्षेत हा फोटो नापास होईल. इतिहासाच्या परीक्षेत तोच पहिला येतो, कारण काढणाऱ्याला जे टिपायचे नव्हते तेही त्यात आलेले असते आणि जे न ठरवता आले त्यावर कोणी हात फिरवलेला नसतो.

असा फोटो वाचायचा कसा, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. समजा, मागे काहीही न लिहिलेला एक रंगीत फोटो हाती आला. पहिली नजर खेळपट्टीवर. काथ्याचे मॅटिंग अंथरून कडेने खिळे ठोकलेले दिसतात की मातीची टर्फ विकेट आहे? मॅटिंगवरून टर्फवर जाणे ही प्रत्येक जिल्ह्याच्या क्रिकेटमधली मोठी पायरी असते आणि ती कधी चढली गेली हे फोटो सांगतो. फलंदाजाच्या डोक्यावर काय आहे? हेल्मेट मोठ्या क्रिकेटमध्येच सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले, जिल्ह्याच्या मैदानात त्यानंतर. मग कडेला लावलेल्या स्कूटरी. नंबरप्लेटवर 'एमएच १५' असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा असणे शक्य नाही, कारण राज्याच्या अक्षरांपासून सुरू होणारी ही पद्धत नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर त्या वर्षी आली. मागच्या जाहिरातीवर दुकानाचा फोन नंबर सहा आकडी आहे की सात आकडी, यावरून काळ आणखी आवळता येतो. शेवटी सावली. क्रिकेटची खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही. त्यामुळे सकाळी सावली पश्चिमेकडे आणि दुपार कलल्यावर पूर्वेकडे, म्हणजे खेळपट्टीला आडवी पडते. फोटो कोणत्या टोकाकडून काढला हे मागच्या खुणांवरून कळले की सामना सकाळच्या सत्रात होता की चहापानानंतरचा, हेही कळते. नाशिक वीस अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावली पायात गोळा झालेली दिसली तर उन्हाळी सुट्टीतली स्पर्धा असावी, असा तर्क करता येतो. नव्वदच्या दशकातल्या फोटोंच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख असते. तिच्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्यातले घड्याळ कित्येकांनी कधी लावलेलेच नसे.

धावफलक आणि स्कोअरबुक असताना एवढी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर नाशिकमध्येच जन्मलेल्या एका थोर खेळाडूच्या आकड्यांत आहे. बापू नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ चा, नाशिकचा. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. त्या डावातले त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. क्रिकेटच्या नोंदींमध्ये इतके नेमके आणि इतके मुके आकडे थोडेच असतील. शॉर्ट लेगला कोण उभे होते, प्रेक्षक कंटाळले होते की एकेक चेंडू मोजू लागले होते, स्टँडमध्ये सावली किती होती, यातले काहीही ३२-२७-५-० मधून निघत नाही. स्कोअरबुक काय झाले ते सांगते, ते कुठे झाले हे फक्त मैदानाच्या नावापुरते सांगते. कसोटी सामन्याची ही गत, तर तालुका संघांच्या सामन्यांचे काय? तिथे स्कोअरबुकच सहसा टिकत नाही. पावसाळ्यात ओले होते, पदाधिकारी बदलले की रद्दीत जाते. मग त्या सामन्याचा एकुलता एक पुरावा म्हणून एखाद्या प्रेक्षकाचा अस्पष्ट फोटो उरतो.

या बाबतीत अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बेसबॉलमध्ये आतल्या चौकोनाची मापे ठरलेली असतात, पण बाहेरची भिंत किती दूर आणि किती उंच, हे प्रत्येक मैदानाचे वेगळे. बॉस्टनच्या १९१२ सालच्या फेनवे पार्कची डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे. त्यामुळे प्रत्येक मैदानाला माणसासारखा स्वभाव आणि चेहरा येतो आणि गावातले लोक त्याचे फोटो घरच्या माणसाच्या फोटोंसारखे जपतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले एबेट्स फील्ड १९१३ मध्ये उघडले. तिथेच १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमध्ये उतरला आणि कित्येक दशकांची वर्णभेदाची भिंत पडली. १९५७ नंतर तिथला संघ लॉस एंजेलिसला गेला. फेब्रुवारी १९६० मध्ये मैदान पाडायला सुरुवात झाली तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा पांढरा रंगवून त्यावर लाल टाके काढले होते. आज त्या जागी निवासी इमारती आहेत. डेट्रॉइटच्या टायगर स्टेडियममध्ये शेवटचा सामना २७ सप्टेंबर १९९९ रोजी झाला आणि दहा वर्षांनी ते जमीनदोस्त झाले. पण त्यानंतर आसपासचे लोक स्वतःची गवत कापण्याची यंत्रे घेऊन त्या रिकाम्या जागेवर जाऊ लागले आणि कोणी सांगितले नसताना खेळाचा तुकडा साफ ठेवू लागले. मैदान हे भिंतींपेक्षा लोकांच्या नजरेत जास्त असते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट जास्त नाजूक आहे. क्रिकेटच्या सीमारेषेलाही ठरीव माप नाही. म्हणजे आपल्याही प्रत्येक मैदानाला चेहरा आहे, फक्त तो विटा-सिमेंटात बांधलेला नाही. मुंबईचे ब्रेबोर्न १९३७ पासून उभे आहे, त्याचे नकाशे आणि बांधकामाचे कागद आहेत. उद्या कोणाला त्याचा इतिहास लिहायचा झाला तर इमारतच साक्ष देईल. पुण्याच्या नेहरू स्टेडियममधले मोठे सामने थांबले, २०१२ मध्ये गहुंज्याचे नवे मैदान सुरू झाले, तरी जुन्या गॅलऱ्या आहेत. तिथे २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने विश्वचषकात वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले आणि ७३ धावांनी हरवले, हे त्या पायऱ्यांकडे बोट दाखवून अजून सांगता येते. गोल्फ क्लबला वानखेडेसारखा चहूबाजूंनी उभा स्टँड नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सौराष्ट्राविरुद्ध किंवा जानेवारी २०२५ मध्ये बडोद्याविरुद्ध महाराष्ट्राचा रणजी सामना इथे झाला, तेव्हा मैदानाला जे रूप आले ते मांडवांचे, कापडी पडद्यांचे आणि तात्पुरत्या खुर्च्यांचे होते. सामना संपला, ट्रक आला, सगळे उचलून गेले. चार दिवसांचे ते स्टेडियम आता फक्त फोटोंत आहे. ज्या मैदानाला दगडी अंग नाही त्याला कागदी अंग जास्त लागते. फोटो-आठवणींची निकड म्हणूनच मुंबई-पुण्यापेक्षा नाशिक, जळगाव, धुळे, नगर यांना अधिक आहे.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रणजी सामन्याच्या एका दिवसात हजारो फोटो निघतात. मग टंचाई कसली? फोटोंचा ढीग आणि फोटोंचा संग्रह या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे याचे उत्तर. छत्तीस फोटोंचा रोल असे तेव्हा माणूस विचार करून बटण दाबायचा, प्रत धुऊन आणायचा, अल्बममध्ये लावायचा. वस्तू घरात राहायची. आज फोटो फोनमध्ये राहतो आणि फोनबरोबर जातो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे, कोणत्या फोनने काढला ही फोटोच्या पोटात दडलेली माहितीही निघून जाते. पाच वर्षांनी तो पाहणाऱ्याला ते मैदान गोल्फ क्लब की महात्मानगर, हेही सांगता येणार नाही. जुन्या रंगीत प्रतींची दुखणी वेगळी. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ प्रती लालसर होत चालल्या आहेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी विटतो. वर पारदर्शक कागद आणि खाली चिकट पान असलेले अल्बम त्या काळी घरोघर आले. त्या पानांच्या डिंकाने फोटो मागून खाल्ले आणि आता ते सोडवायला गेले तर फाटतात. म्हणजे जुना फोटो रंगाने जातो आणि नवा फोटो गर्दीत हरवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलका मानत नाही. आठवण खोटे बोलते. म्हाताऱ्या माणसाला आपल्या तरुणपणीचे मैदान मोठे वाटते, गोलंदाज वेगवान वाटतात, गर्दी अफाट वाटते. दहा हजार लोक आले होते असे सांगणाऱ्याच्या फोटोत पाचशेच दिसतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच आठवण आणि फोटो वेगळे ठेवता कामा नयेत. फोटो आठवणीला आवर घालतो. पण उलटही तितकेच खरे आहे, ते आपण विसरतो. फोटोतला पॅड बांधून खाली मान घालून बसलेला मुलगा कोण, तो पुढे खेळला की वडिलांचे दुकान सांभाळायला बसला, त्या दिवशी पंचांशी कशावरून वाजले, दुपारचे जेवण कोणाच्या घरून यायचे, हे फोटो कितीही वेळ पाहिला तरी कळत नाही. ते फक्त तिथे असलेला माणूस सांगू शकतो. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते म्हणून आपण साक्षच नको म्हणत नाही. स्मरणरंजन आणि इतिहास यांतली रेघ आठवण सांगण्या-न सांगण्याने ठरत नाही. ती आठवण ताडून पाहिली की नाही, यावर ठरते. फोटो समोर ठेवून विचारलेला प्रश्न आणि नुसता 'जुने काय आठवते?' असा प्रश्न यांच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्या उत्तरात नावे येतात, दुसऱ्यात विशेषणे.

तिसरा आक्षेप असा की मैदान क्रिकेटवाल्यांची जहागीर नाही. पहाटे चालायला येणाऱ्यांचे, पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांचे, सभा-मेळाव्यांना येणाऱ्यांचे ते तितकेच आहे. क्रिकेटवेड्याच्या अल्बमवरून इतिहास लिहिला तर बाकीचे सगळे चौकटीबाहेर राहतील. आक्षेप रास्त आहे. याच मैदानावर २३ जानेवारी २०२४ रोजी उद्धव ठाकरे यांची जाहीर सभा झाली आणि बरोबर वर्षाने, २३ जानेवारी २०२५ रोजी, तिथेच महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना सुरू झाला. मांडवाचे खांब जिथे रोवले जातात तिथेच पुढे क्षेत्ररक्षक धावतो. ओढाताण खरी आहे. पण हौशी प्रेक्षकाचा मागे उभे राहून काढलेला फोटो इथे कामाला येतो, कारण त्यात कडेने चालणारी माणसे, शेंगदाणेवाला, शेळ्या, भरतीचा सराव करणारी पोरे सगळे येऊन बसलेले असते. त्याने बोलावले नव्हते, तरी आले. आणि जे त्यात नाही, तेही बोलके आहे. जुन्या अल्बममध्ये मैदानाच्या आत मुली शोधायला लागतात, खेळताना तर फारच विरळा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरची माया सोनवणे २०२२ मध्ये महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धेत लेगस्पिन टाकायला आली. चेंडू सोडताना मान पार खाली जाणारी तिची विलक्षण शैली देशभर पाहिली गेली. त्या मुलीच्या पिढीने मैदानावर जागा कधी आणि कशी मिळवली, हे दाखवायचे तर आधीच्या फोटोंतली ती रिकामी जागाही जपून ठेवावी लागेल. फक्त करंडकाचे फोटो ठेवले तर ती दिसणारच नाही.

ही चिंता नाशिकने तरी आपली मानावी, याला कारण आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी आपले बस्तान नाशिकला हलवले. भारतातल्या पहिल्या चित्रपटनिर्मितीतला मोठा भाग या शहरात घडला. तरी १९१३ चा तो चित्रपटही आज पूर्ण मिळत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले आणि पी. के. नायर यांनी जे मिळेल ते शोधून जपले, म्हणून काही रिळे तरी उरली. बाकीची कोणी मुद्दाम नष्ट केली नव्हती. ती कोणाची तरी जबाबदारी आहे, एवढेच वेळेत ठरले नाही.

मैदानांच्या फोटोंसाठी नवी संस्था काढायची गरज मला वाटत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. जुना कागद सांभाळणे म्हणजे काय, हे अशा संस्थेला शिकवावे लागत नाही. मूळ फोटो मालकाच्या घरीच राहू द्यावेत. लोक ते देत नाहीत आणि त्यांनी द्यावेत असा आग्रहही नसावा. वाचनालयाने चांगल्या प्रतीचे स्कॅन घ्यावे आणि फोटो काढणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी, कारण छायाचित्रावरचा हक्क आपल्या कायद्याने ते काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो आणि अल्बम ज्याच्याकडे आहे तो हक्काचा धनी असतोच असे नाही. अलीकडच्या फोटोंत ओळखू येणारी लहान मुले असतील तर ते उघड्यावर मांडण्याआधी पालकांना विचारावे. पुढच्या वेळी रणजी सामना नाशिकला येईल तेव्हा प्रवेशद्वाराशी एक टेबल, एक स्कॅनर आणि दोन धीराचे विद्यार्थी बसवले तर चार दिवसांत जेवढे जमेल तेवढे एरवी चार वर्षांत जमणार नाही, कारण अल्बम असलेली माणसे त्या चार दिवसांत तिथे आपणहून येणारच आहेत.

आणि त्या विद्यार्थ्यांना विचारायचे प्रश्न थोडे पण नेमके द्यावेत. फोटो कोणी काढला? तो कुठे उभा होता, त्र्यंबक रोडच्या बाजूला की ईदगाहच्या? कोणती स्पर्धा? डावीकडून नावे सांगा, आठवत नसेल त्या माणसापुढे रिकामी जागा सोडा, अंदाज लिहू नका. जे कळेल ते प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि तिरप्या उजेडात पाहिले की ऐन खेळपट्टीवर अक्षरांचा वळ दिसतो.